पारीचा कोरा हात

पेणमध्ये, जिथं गल्लोगल्ली बिनरंगाचे गणपती उन्हात वाळत बसलेले असतात, तिथल्या एका कारखान्यात पारी घासकाम करते. साच्यातून निघालेली मूर्ती म्हणजे नुकतं जन्मलेलं पोर. अंगावर साच्याच्या जोडाची रेघ, कानामागं खडबड, सोंडेखाली गुठळ्या. पाण्यात बुडवलेल्या पॉलिश पेपरनं तिला असं घासायचं, की माशी बसली तरी तिचा पाय सरकावा. मग ती मूर्ती रंगाला जाते. रंगवणाऱ्याचं नाव होतं, डोळे आखणाऱ्याचं त्याहून जास्त होतं, घासणारीचं नाव कुणी विचारत नाही. पारीला त्याचा सल नाही. कारखान्याचे मालक गुणाजीशेठ बोलायला फार कंजूष माणूस, पण नवी बाई कामावर आली की ते तिला पारीच्याच शेजारी बसवतात. पारीला तेवढं पुरतं.

या कामानं पारीच्या घरावर पत्रे चढले, पोरगी प्रतिक्षा शिकून सासरी गेली. बदल्यात प्लास्टरनं पारीच्या बोटांवरच्या रेषा नेल्या. रेशनच्या दुकानात तिनं अंगठा लावला की मशीन गप्प बसतं. पदराला पूस, केसांवर घास, पुन्हा लाव, तरी नाही. दुकानदार एकदा हसून म्हणाला, “पारीबाई, तुम्ही हाव का नाय? मशीन म्हणतंय नाय.” तेव्हापासून तिचा नवरा दामू, जो डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे कामाला आहे, तो शिफ्ट सुटल्यावर जाऊन आपला अंगठा लावतो आणि धान्य आणतो.

ही गंमत पारीनं एकदा माहेरी सांगितली. माहेर म्हणजे रोह्याच्या पुढं, कुंडलिकेच्या काठावरची कातकरवाडी. सगळे हसले. तिची आई सीताबाई मात्र हसली नाही. खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, “खाली मशीन वळखत नाय. वर आपली माणसं तरी कशी वळखतील गो तुला?”

आई कशाबद्दल बोलते आहे हे पारीला वेगळं सांगायला नको होतं.

त्या वाडीतल्या जुन्या बायांचं एक मानणं आहे. माणूस जातो तेव्हा लुगडं इथंच राहतं, गळ्यातली पोत इथंच राहते, अंगावरचं गोंदण तेवढं बरोबर जातं. पुढं गेलेली माणसं वाटेवर उभी असतात आणि हात बघून आपलं माणूस ओळखतात. ज्या घराचं जे गोंदण, ते आईच्या हातावरून लेकीच्या हातावर यायचं. सीताबाईच्या घरचं गोंदण म्हणजे माशाचा काटा. मधे कणा, दोन्ही अंगांना बारीक काटे, आणि शेपटाशी तीन ठिपके. सीताबाईच्या डाव्या हातावर मनगटापासून वर चढत गेलेल्या त्या काट्यावर बोट फिरवत लहानपणी पारी झोपी जायची.

तिच्या स्वतःच्या हातावर मात्र तो कधी आला नाही.

तेव्हा गोंदणारी हौसा म्हणून एक बाई वाड्यावाड्यांतून फिरायची. शेताची कापणी झाली, घरात चार दाणे आले, की ती यायची. काजळी आणि पाल्याचा रस खलायची, सुया धुवायची आणि झाडाखाली बसायची. पोरींना धरून आणायला लागायचं. पारी मात्र आपल्या पायानं जाऊन पुढं बसली होती. पण त्या साली तिच्या दोन्ही हातांना खरूज झाली होती. हौसानं तिचा हात धरला, उलटा केला, सुलटा केला आणि सोडून दिला.

“ह्या हातात सुई नाय घालायची,” ती म्हणाली. “आधी हात बरा कर. मंग गोंदू. पुढल्या साली येतंय मी.”

पारी झाडामागं जाऊन रडली. बाकीच्या पोरी सुई टोचली म्हणून रडत होत्या, ही टोचली नाही म्हणून. पुढल्या साली हात लख्ख बरा झाला, पण हौसा आली तेव्हा पारीचं सगळं घर घाटाखालच्या रानात कोळशाच्या भट्टीवर होतं. त्याच्या पुढल्या साली हौसा आलीच नाही. कुणी म्हणालं म्हातारी झाली, कुणी म्हणालं गेली. पारीचं लग्न झालं, ती पेणकडच्या वाडीत नांदायला गेली. हात कोरा तो कोराच.

या दिवाळीनंतर सीताबाई पडली. छातीत कफ, डोळ्यांना मोतीबिंदू, अंगात जोर नाही. पारी भेटायला गेली की म्हातारी तिचा डावा हात ओढून घ्यायची, मनगटापासून वर बोटं फिरवायची आणि सोडून द्यायची. हौसानं सोडला होता तसाच. आई जाणार, आज नाही तर उद्या, हे पारीनं मनाशी मानलं होतं. पण आईनं असा हात सोडून जावं, हे तिला सोसणार नव्हतं.

कारखान्यात तिच्या शेजारी वनिता बसते. जिते गावची, जिभेनं तिखट, मनानं गोड. पारीनं घासता घासता तिला हे सांगितलं, तर वनितानं हातातला गणपतीचा उंदीर बाजूला ठेवला.

“आगो, मग जा की आदर्शकडं! आपला आखणीवाला आदर्श. त्यानं रोह्याला टॅटूचं दुकान टाकलंय. वरसेला जायच्या रस्त्यावर.”

“टॅटू नको मला. गोंदण पायजे.”

“सुईच टोचायची ना? हातानं टोचली काय आन् मशीननं टोचली काय. पण या वयात गो पारी? दामूभावजींचं नाव काढतेस का काय दंडावर?”

“त्याचं नाव काढलं तर दुसऱ्या दिशी तोच विचारेल, ह्यो दामू कोण?” पारी म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की गुणाजीशेठनं आतून खाकरून दाखवलं.

आदर्शचं नाव ऐकून पारीचा अर्धा भार तिथंच उतरला. हा पोरगा कारखान्यात गणपतीचे डोळे आखायचा. एकदा कुंचला टेकला की श्वास धरायचा, तो बुबुळ पुरं झाल्यावरच सोडायचा. पारीनं घासलेल्या किती मूर्तींना त्यानं नजर दिली होती. हा हात चुकणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

सुट्टीच्या दिवशी ती रोह्याच्या एसटीत बसली. नागोठण्याला गाडी अर्धी रिकामी झाली, तशी खिडकीशी सरकली आणि सगळ्या वाटेनं मांडीवर हात ठेवून त्याच्याकडंच बघत राहिली.

दुकान लहान होतं, काचेचं दार, आत दवाखान्यासारखा वास. आदर्श तिला बघून उठलाच.

“पारीमावशी! तुम्ही? गणपती घासून कंटाळलात?”

“व्हय. आता मलाच रंगवून टाक.”

तिनं मोबाइलमधला आईच्या हाताचा फोटो दाखवला. आदर्शनं तो मोठा करून बघितला, तिरपा करून बघितला.

“मावशी, मला नुसता निळा ढग दिसतोय.”

“माशाचा काटा हाय तो.”

“असेल. पण मला रेघ दिसली पायजे. नीट फोटो आणा.” मग त्यानं तिचा डावा हात हातात घेतला, अंगठा वरून खाली फिरवला, आणि त्याची भुवई जराशी चढली. ही भुवई तिनं लहानपणी पाहिलेली होती.

“नाय म्हणू नको रे बाबा,” ती आधीच म्हणाली.

“नाय कोण म्हणतंय? पण आज नको. कातडी बघा, प्लास्टरनं पार सुकलीय. भेगा पडल्यात, खपल्या निघतायत. असल्या कातडीत शाई धड बसत नाय, रेघ फाटते. आधी तयारी करा.”

आणि त्यानं तिला समोर बसवून सावकाश सांगितलं. रोज अंघोळीनंतर हाताला खोबरेल लावायचं, थोडंच, जिरेल एवढं. कामावर लांब बाह्या घालायच्या, प्लास्टर लागू द्यायचं नाही, उन्हात हात उघडा ठेवायचा नाही. पाणी भरपूर प्यायचं. खाज आली तरी नख लावायचं नाही. यायच्या आदल्या दिवशी दारू-ताडी नाही, रात्रीची झोप पुरी, आणि सकाळी भाकरी खाऊन यायचं, उपाशी नाही. साखर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, तेही विचारलं. पारीनं प्रत्येक गोष्टीला मान डोलावली. तिला सगळं कळलं होतं. पुढं जे झालं ते न कळल्यामुळं झालं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तिथून ती तशीच माहेरी गेली. आईचा हात उजेडात धरला. कातडी सैल होऊन घड्या पडलेल्या, आणि घड्यांत निळसर हिरवा रंग पसरलेला. आदर्श म्हणाला तसा ढगच. पारी बघत राहिली. मग तिला तिचं रोजचं काम आठवलं. मूर्ती कोरडी असताना ओरखडा दिसत नाही, पाण्याचा हात फिरवला की लगेच उठून दिसतो. तिनं तांब्यातलं पाणी घेऊन आईचा हात भिजवला, दोन्ही तळव्यांत धरून कातडी हळूच ताणली, आणि निळ्या ढगातून एकेक काटा वर आला.

“जनू, काढ रे फोटो! लवकर!” ती भावाला ओरडली.

“गार लागतंय गो मला,” सीताबाई कुरकुरली. “हातच उपटून ने ना!”

फोटो झकास आला. आदर्शला तिनं तो मोबाइलवर पाठवला, तसा त्याचा फोन आला. “आता दिसलं, मावशी. पण शेपटाकडं काटा वाकडा गेलाय. मी सरळ करून काढू का? चांगला दिसेल.”

पारी घोटाळली. सरळ काटा खरंच चांगला दिसला असता. पण तिनं खाटेकडं बघितलं. “नको. हाय तसाच काढ.”

मग तयारी सुरू झाली. पारीनं हाताची अशी सेवा केली, की दामू एका संध्याकाळी म्हणाला, “लग्न झाल्यापासून माझ्या टाळूवर कधी तेल घातलं नायस. हाताचे काय लाड!”

“तुझ्या टाळूवर काय गोंदायचं हाय? केसबी नाय त्याच्यावर.”

दामूचा कंपनीतला जुना निळा शर्ट घालून, मनगटाला दोरी बांधून ती कामावर बसायला लागली. वनिता तिला ‘फोरमन’ म्हणायची. वाडीत एका घरी हळद होती, सगळ्या बाया ताडी प्याल्या, पारी पाण्याचा तांब्या घेऊन बसली. लोकांना वाटलं तिनं कुठली तरी माळ घातली. हात हळूहळू मऊ पडला. भेगा मिटल्या. आतल्या अंगाची कातडी तर अशी झाली, की पारी स्वतःच गाल लावून बघायची.

पण मधोमध, जिथं काट्याचा कणा यायचा होता, तिथं एक पट्टा तसाच खरखरीत राहिला. किती वर्षं मूर्ती छातीशी धरताना तिचा तळ तिथंच टेकायचा. बोटाला लागे न लागे एवढीच खरखर. दुसऱ्या कुणाला कळलीही नसती. पारीच्या बोटांना कळली, कारण त्या बोटांचं कामच ते होतं.

जायच्या आदल्या दिवशी ती अंगणात बसली होती. ऊन कलत होतं. पुन्हा पुन्हा बोट त्या पट्ट्यावर जात होतं. उद्या आदर्शनं अंगठा फिरवला तर? पुन्हा भुवई चढली तर? ‘ह्या हातात सुई नाय घालायची’ असं कुणी तिला दुसऱ्यांदा म्हटलं, तर तिसऱ्यांदा विचारायला आई थांबणार होती का?

तिच्या कामाच्या पिशवीत पॉलिश पेपर होता. अगदी बारीक, शेवटचा हात फिरवायचा. त्यानं गणपतीचा गाल घासला तर गालाला कळत नाही, एवढा मऊ.

पारीनं तो पाण्यात बुडवला. गोल गोल, हलक्या हातानं, मूर्तीला फिरवते तसा फिरवला. पांढरा मळ सुटला. पट्टा गुळगुळीत झाला. तिला इतकं बरं वाटलं! मग कडेची खरखर जाणवली, कारण मधे गुळगुळीत झालं की कड उठून दिसते. तिथंही फिरवला. मग वर, मग खाली. आणि घासणारी बाई कधी एकच अंग घासून थांबत नाही. एका सोंडेला दोन्ही बाजू असतात. तिनं उजवा हातही घासून टाकला.

सकाळी उठली तेव्हा दोन्ही हात लालबुंद. शर्टाची बाही चिकटली होती, सोडवली तेव्हा पाणी आलं.

तरीही ती रोह्याला गेली. भाकरी खाऊन, पाणी पिऊन, सगळं सांगितल्याप्रमाणं. आदर्शनं हातमोजे चढवले, सुईचं नवं पाकीट बाहेर काढून ठेवलं, आणि म्हणाला, “बाही वर घ्या, मावशी.”

पारीनं बाही वर घेतली. आदर्श बघत राहिला.

“हे काय केलंत?”

“थोडी खरखर होती.”

“मग?”

“मग घासली.”

“कशानं?”

आदर्शनंच वाकून बघितलं. ते गोल गोल ओरखडे त्यानं हजार मूर्तींवर पाहिले होते. तो खुर्चीत मागं रेलला.

“पॉलिश पेपर! अहो मावशी, मूर्तीला रक्त नसतं!”

तो हसला, पण पारीचा चेहरा बघून लगेच थांबला. ती डोळे पुसत होती.

“दुसऱ्या हातावर काढ,” ती म्हणाली.

“दाखवा.”

तिनं दाखवला. आदर्शनं कपाळाला हात लावला. “दोन्ही?”

“एकच कसा सोडायचा?”

आता मात्र त्याला हसू आवरलं नाही, आणि रडता रडता पारीलाही आलं. मग त्यानं हातमोजे उतरवले आणि तिच्यापुढं पाण्याचा ग्लास ठेवला. वरची साल गेलेली आहे, आत सुई घातली तर शाई फुटेल आणि हात पिकेल, हे त्यानं समजावलं. नवी कातडी धरू दे, लाली जाऊ दे, मग दुसऱ्या दिवशीच काढतो म्हणाला.

“हात बरा झाला की ये,” पारी हळूच म्हणाली. “असंच म्हणाली होती हौसा.”

“कोण हौसा?”

“नाय. कुणी नाय.” मग तिनं मान वर केली. “तू असशील ना हितं?”

आदर्शला प्रश्न विचित्र वाटला, पण त्यानं उत्तर सरळ दिलं. “मी कुठं जातोय? दुकान हितं, बायकोचं माहेर हितं. तुम्ही या. पण तोवर हाताला काही करायचं नाय. तेल नाय, पाला नाय, हळद नाय, आणि तो पेपर तर नायच नाय. धुवायचा, कोरडा ठेवायचा, बस.”

घरी येऊन ती काही करत नव्हती, हेच सगळ्यांत अवघड होतं. तेल लावायला हात शिवशिवायचे. आणि अशातच जनूचा फोन आला. “आय काल जेवली नाय. तुझं नाव घेते. येऊन जा.”

त्या एसटीच्या प्रवासात पारीनं खिडकीबाहेर काय पाहिलं, तिला आठवत नाही. नागोठणं कधी आलं, कधी गेलं. वाडीच्या तोंडाशी ती पळायलाच लागली. ओटीवर माणसं जमलेली नव्हती, हे बघून ती थांबली आणि मेढीला धरून दम घेत उभी राहिली.

सीताबाई खाटेवर उठून बसली होती. कफ मोकळा झाला होता, पेज पिऊन झाली होती. पायांच्या आवाजावरून म्हणाली, “पारी का? ये.” आणि नेहमीसारखा हात ओढून घेतला. बोटं मनगटापासून वर गेली आणि थांबली. खपल्या लागल्या होत्या.

“ह्ये काय गो? पुन्हा खरूज?”

मग पारीनं सगळं सांगितलं. आदर्शचं, तेलाचं, ताडी न पिण्याचं, त्या पट्ट्याचं आणि पेपरचं. सांगताना तिला वाटत होतं, आता आई हात सोडणार. सीताबाई ऐकत होती. एकदम तिच्या छातीतून खर्र खर्र आवाज यायला लागला. पारी घाबरून पाणी आणायला उठली. पण म्हातारी हसत होती. दिवाळीपासून पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी काढत, खोकत, हसत होती.

“पोरगी माझी गणपती व्हायला निघाली! आधी खाजवून हात घालवलास, आता घासून!”

“हस तू. मला तुझा भरवसा नाय म्हणून घाई केली.”

“माझा भरवसा?” सीताबाईनं श्वास घेतला. “आगो, एवढी साल थांबलंय ती कशापायी? मी काय एसटी हाय, वेळ झाली म्हणून सुटायला? घाई तुलाच हाय. कातडी येऊ दे कातडीच्या पावलानं. मी हाय.”

‘मी हाय.’ एवढेच दोन शब्द. पारीनं आईच्या खाटेला डोकं टेकलं, आणि दिवाळीपासून छातीवर ठेवलेला दगड कुणी तरी उचलून बाजूला ठेवावा, तसं तिला झालं. त्या दुपारी ती आईच्या शेजारी जमिनीवर इतकी गाढ झोपली, की जनूच्या बायकोला तिला जेवायला हलवून उठवावं लागलं.

नंतरचे दिवस सोपे गेले. पारी कामावर जायची, घासायची, घरी येऊन हात धुवायची आणि त्याला त्याच्या जागी सोडून द्यायची. खपल्या आपसूक पडल्या. खालून नवी कातडी आली, आधी गुलाबी, मग गव्हाळ, मग तिच्या रंगाची. आदर्शनं फोटो मागवला, बघितला, म्हणाला, अजून थोडी थांबा. पारी थांबली. पुन्हा थोडं तेल सुरू झालं. तो मधला पट्टा थोडासा खरखरीत होताच. पारीचं बोट तिथं जायचं, जाऊन परत यायचं. पिशवीतल्या पेपरकडं तिनं मान वळवून बघितलं नाही.

होळीच्या अलीकडं तिला बोलावणं आलं. या खेपेला आदर्शनं हात उजेडाकडं धरला, ओलं फडकं फिरवलं, तिरपं होऊन बघितलं. अगदी कारखान्यात मूर्ती बघायचा तसं. अंगठा त्या पट्ट्यावरून गेला. पारीनं श्वास धरला.

“हितं थोडी खरखर हाय,” ती स्वतःच म्हणाली.

“असू दे. माणसाच्या अंगाला एवढी असतेच.” त्यानं बारीक लव काढली, हात साबणानं पुसला, कागदावर उतरवलेला काटा दाबून कागद सोलला, आणि कोऱ्या कातडीवर जांभळी रेघ उमटली. “बघा, बरोबर हाय?”

पारीनं बघितलं. शेपूट वाकडं, तीन ठिपके जागच्या जागी. “व्हय.”

मशीन गुणगुणायला लागलं. दुखलं, पण भट्टीवरचा निखारा पायाला लागतो तेवढंही नाही. आदर्शनं प्रत्येक रेघेला श्वास धरला आणि रेघ पुरी झाल्यावर सोडला, आणि थोड्या वेळानं पारीचाही श्वास त्याच्याच लयीत चालायला लागला. शेवटचा ठिपका झाला तेव्हा दोघांनी एकदमच सोडला.

वरून त्यानं पारदर्शक पातळ कागद चिकटवला. कुणाला उघड्यावर हात लावू देऊ नका म्हणाला.

“आयला लावायचा हाय. तिला डोळ्यांनी दिसत नाय.”

आदर्शनं क्षणभर विचार केला. “कागदावरून लावू दे. आज रेघा फुगलेल्या हायत, बोटाला लागतील. हलक्या हातानं.”

उन्हं उतरायच्या आत ती वाडीवर पोचली. सीताबाई ओटीवर बसून शेंगा सोलत होती. पारी तिच्या पुढं बसली आणि डावा हात मांडीवर ठेवला. म्हातारीनं हात पदराला पुसले. बोटं मनगटाशी टेकली, आणि तिथंच थबकली.

मग ती चालायला लागली. फार हळू. एक काटा, दुसरा काटा, या अंगाचा, त्या अंगाचा. जनू दारात येऊन उभा राहिला. बोटं कण्यावरून शेपटाकडं गेली, तीन ठिपके चाचपले, परत मागं आली. सीताबाईच्या कपाळाला आठी पडली.

“वाकडं हाय.”

“काय?”

“शेपूट. वाकडं काढलंय गो त्यानं.”

“आय, तुझंच वाकडं हाय. त्याच्यावरनंच उतरवलंय.”

सीताबाईनं उजवा हात उचलून आपल्याच डाव्या हातावर ठेवला. सैल कातडी अंगठ्यानं ताणून बघितली, जशी त्या दिवशी पारीनं ताणली होती. तिथं आता बोटाला काही लागत नव्हतं, पण तिला आठवलं असावं. “व्हय,” ती म्हणाली. “हौसा गोंदत होती आन् मी हात ओढला. लई मारलं होतं आयनं मला.” मग पुन्हा लेकीच्या हाताकडं वळली, त्या वाकड्या शेपटावर बोट ठेवलं आणि ठेवूनच राहिली.

“मंग बरोबर हाय,” ती म्हणाली.

नदीवरून वारा येत होता. आतून भाताचा वास सुटला होता. सीताबाईनं दुसऱ्या हातानं सोललेल्या दाण्यांनी भरलेलं सूप जनूच्या बायकोकडं सरकवलं, आज मलाही पोटभर वाढ म्हणाली, आणि लेकीचा हात काही सोडला नाही.